घामाला वास नसतो, मग आठवीच्या वर्गाला कुठून येतो?

पीटीच्या तासानंतर लगेच आठवीच्या वर्गावर ज्यांनी कधी शिकवलंय त्यांना प्रस्तावना लागणार नाही. मी सायन्स शिकवते, बरीच वर्षं झाली, आणि टाइमटेबल लावणाऱ्याचं माझ्याशी काय वाकडं आहे माहीत नाही पण दरवर्षी पीटीनंतरचा तास माझ्याच नशिबी असतो. पन्नासेक पोरं, तीन पंखे त्यातला एक बंद, आणि दारातून आत पाऊल टाकलं की असा भपकारा येतो की हजेरी घ्यायच्या आधी खिडक्या उघडायला लागतात. आता गंमत बघा, पाचवीच्या वर्गातपण तेवढीच पोरं, तीपण मैदानावरून तशीच निथळत येतात, पण तिथे हा वास नसतो. तिथे फारतर धुळीचा आणि डब्यातल्या लोणच्याचा वास. मग मधल्या तीन वर्षांत असं होतं काय?

पालकसभेत या विषयावर एकच वाक्य ऐकायला मिळतं, "मॅडम, हा आंघोळच नीट करत नाही हो." बाबा लोक तर विषय निघाला की मोबाईल बघायला लागतात. आंघोळीचं म्हणणं अगदीच खोटं नाही, तेरा वर्षांचा मुलगा दोन तांब्यांत बाहेर येऊ शकतो हे मीपण घरी पाहिलंय. पण पाचवीत असतानाही तो दोन तांब्यांतच बाहेर यायचा ना? तेव्हा नव्हता येत वास. म्हणजे बदललंय ते दुसरंच काहीतरी.

तर बदललाय तो घाम. आपल्या कातडीत घामाच्या ग्रंथी मुख्यतः दोन प्रकारच्या. एक प्रकार अंगभर पसरलेला, २० ते ४० लाख असतात या, तळहात, तळपाय, कपाळ सगळीकडे, आणि त्यांचं काम अंग थंड ठेवणं. यातून येतो तो घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ. लहान मुलांना येतो तो हाच. दुसरा प्रकार असतो काखेत, जांघेत आणि स्तनाग्रांच्या आजूबाजूला, जिथे केसांचं मूळ असतं तिथे. या ग्रंथी जन्मापासून असतात पण झोपलेल्या असतात, वयात येताना हार्मोन वाढले की मगच जाग्या होतात. यांचा घाम पाण्यासारखा नसतो, जरा दाट असतो, त्यात चरबी असते, प्रथिनं असतात. आणि या ग्रंथींना उन्हापेक्षा भीतीने, टेन्शनने, रागाने जास्त घाम फुटतो. म्हणून पोरांना क्रिकेट खेळून येतो त्यापेक्षा तोंडी परीक्षेच्या दिवशी जास्त उग्र वास येतो, वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून "म्हणजे मॅडम तुमच्यामुळेच" असं आलं होतं, आणि ते काही चूक नव्हतं.

पण इथेच सगळे फसतात. हा दुसरा घामसुद्धा बाहेर येतो तेव्हा त्याला जवळपास वास नसतो. वास तयार करतात कातडीवरचे बॅक्टेरिया. दूध आणि विरजण डोळ्यासमोर आणा. घाम म्हणजे दूध, बॅक्टेरिया म्हणजे विरजण, काख म्हणजे झाकण ठेवलेलं उबदार भांडं. दूध आंबट नसतं, विरजण लागून काही तास गेले की आंबतं. पाचवीतल्या मुलाच्या काखेत विरजण थोडंफार असतं पण दूधच नसतं. आठवीत दूध सुरू होतं. बस, एवढीच भानगड आहे.

पुढचं सगळं यातूनच निघतं, म्हणून हे नीट डोक्यात बसलं पाहिजे. घाम येणं थांबवायचं नाहीये, घाम आणि बॅक्टेरिया जिथे तासन् तास एकत्र बसतात त्या जागा मोडायच्या आहेत. आणि अशा जागा अंगावर मोजक्याच आहेत. बाकीच्या जागा अंगावर नाहीतच, त्या कपड्यांत आणि बुटांत आहेत, आणि माझ्या मते निम्मी पोरं तिथेच मार खातात. पण त्यावर नंतर येते.

आधी ज्यांना अजून थोडं आत शिरायचंय त्यांच्यासाठी. काखेत राहणाऱ्या बॅक्टेरियांमध्ये कोरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकोकस या घराण्यातले मुख्य. त्यातला स्टॅफिलोकोकस होमिनिस नावाचा एक, तो घामातला एक बिनवासाचा रेणू आत ओढून घेतो, तोडतो, आणि गंधक असलेलं एक रसायन बाहेर टाकतो, थायोअल्कोहोल. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये या तोडणाऱ्या एन्झाइमची नेमकी रचना शोधून काढली. या रसायनाचा वास कांद्यासारखा, आणि आपलं नाक त्याला इतकं तिखट आहे की अगदी नावापुरतं हवेत असलं तरी कळतं. बाकीची जी आम्लं तयार होतात त्यातल्या एकाचा वास जिऱ्यासारखा आणि एकाचा बोकडासारखा असं शास्त्रज्ञच लिहितात. कांदा, जिरं, बोकड, आता भूक लागली तर मी जबाबदार नाही. जर्मनीत २०२४ मध्ये एका गटाने तान्ह्या बाळांच्या आणि १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींच्या अंगाचा वास तपासला, तर मोठ्यांमध्ये दोन अशी रसायनं सापडली जी बाळांमध्ये नव्हतीच, आणि त्यांच्या वासाचं वर्णन घाम, लघवी, कस्तुरी आणि चंदन असं केलंय. म्हणजे बाळाच्या टाळूचा वास घेत बसणारी आई तेरा वर्षांनी त्याच डोक्यावरून "जा आधी आंघोळ कर" म्हणते त्याला केमिस्ट्रीचा आधार आहे.

सगळ्यांना सारखा वास येत नाही, हेपण खरं. यात एका जीनचा मोठा हात आहे, एबीसीसी११ असं त्याचं नाव, आणि तो कानातल्या मळाशी जोडलेला आहे हे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं. कानातला मळ कोरडा, भुश्यासारखा असेल तर काखेला वास जवळपास येत नाही. कोरिया, चीन, जपान या पट्ट्यात बहुतेकांचा मळ असाच कोरडा. आपल्याकडे बहुतेकांचा ओला, चिकट. त्यामुळे कोरियन पोरांची स्किन बघून हळहळणाऱ्या माझ्या वर्गातल्या मुलींना मी सांगते, बायांनो, तिथे हा पेपर सोपा निघतो, आपल्याला सिलॅबसच वेगळा आहे.

आता आंघोळ. किती वेळ केली याला काही अर्थ नाही, साबण कुठे लागला आणि कुठे थांबला याला आहे. बहुतेक पोरं छाती-पोट-हात यांना साबण फासतात, म्हणजे जिथून वास येत नाही तिथे, आणि काखेवरून पाणी नुसतं वाहून जातं. काखेत हाताने फेस करायचा, अर्धा मिनिट चोळायचा, मग धुवायचा. तेच जांघेत, तेच पार्श्वभागाच्या घडीत, तेच पायाच्या बोटांच्या बेचक्यात. साबण साधा चालतो. जाहिरातीतला "९९ टक्के जंतू मारणारा" रोज लावायची काही गरज नाही, अमेरिकेत तर ट्रायक्लोसानसारखी जंतुनाशकं असलेले साबण २०१६ मध्ये बाजारातून काढायला लावले कारण साध्या साबणापेक्षा ते जास्त काम करतात असं कंपन्यांना दाखवता आलं नाही.

आंघोळीनंतर पुसणं. हे कोणी शिकवतच नाही. ओल्या काखेवर बनियन चढवलं की विरजणाला ऊब मिळाली. पंचाने टिपून कोरडं करायचं, बोटांच्या बेचकीतसुद्धा, आणि पंचा स्वतः वाळलेला पाहिजे, चार जणांत एक ओला टॉवेल फिरत असेल तर सगळं मुसळ केरात.

आणि सकाळी आंघोळ करून शाळेत, मग क्लास, मग ग्राउंड, आणि रात्री तसंच गादीवर, हे असेल तर संध्याकाळीपण निदान काख आणि पाय धुवायचे. पूर्ण आंघोळ नको, पाणी नसतं सगळ्यांकडे. माझं माहेर लातूरकडचं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्यात गेलेत दिवस, त्यामुळे "दोनदा शॉवर घ्या" असं लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एका तांब्यात काख, जांघ, पाय हे तिन्ही होतात. ओल्या फडक्याला साबण लावून पुसलं, मग साध्या ओल्या फडक्याने पुसलं, तरी होतं. होस्टेलला राहणाऱ्या पोरांनी हेच लक्षात ठेवा, बादली एक असली तरी क्रम बरोबर पाहिजे.

काखेतले केस काढलेच पाहिजेत का, हा प्रश्न मुलगे विचारतच नाहीत आणि मुली फार विचारतात. काढलेच पाहिजेत असं काही नाही. पण केसांवर घाम आणि बॅक्टेरिया धरून बसायला जास्त जागा मिळते, म्हणून छोटे केले तर साबण आतपर्यंत पोचतो आणि वास कमी होतो, मुलाचा असो की मुलीचा. छोट्या कात्रीने किंवा ट्रिमरने कमी केले तरी पुरतं. रेझर वापरलाच तर स्वतःचा, बाबांचा नाही.

डिओ. हा माझा आवडता विषय कारण इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. आपल्याकडे पोरं ज्याला डिओ म्हणतात तो बहुतेक वेळा नुसता स्प्रेवाला परफ्यूम असतो, शर्टावर मारायचा. तो घामही थांबवत नाही आणि बॅक्टेरियाचं फार काही बिघडवत नाही, वर फक्त दुसरा वास चढवतो. वर्गात पंधरा पोरांनी पंधरा वेगवेगळे मारले की काय होतं ते मी रोज भोगते, घाम परवडला. दुसरी जात आहे अँटीपर्स्पिरंट, यात अॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात, म्हणून घामच कमी येतो. डबीच्या मागे अॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा तसं काही लिहिलेलं असतं, रोल-ऑनमध्ये बऱ्याचदा असतं, पण सगळ्यांत नसतं, तेव्हा पुढची चकचकीत बाजू सोडा आणि मागची बारीक अक्षरं वाचा.

आणि हे लावायची वेळ सकाळची नाही, रात्रीची. सगळ्यांना आश्चर्य वाटतं. रात्री घाम कमी येतो त्यामुळे बूच नीट बसतं, सकाळी आंघोळ केली तरी ते जात नाही. सकाळी घाईत ओल्या काखेवर लावलं तर घामासोबत वाहून जातं आणि शर्टाला पिवळे डाग पडतात ते वेगळेच. कोरड्या काखेवर, झोपताना, रोज, काही दिवस सलग लावल्यावर फरक कळतो. केस काढल्या काढल्या लावू नका, चरचरतं.

"पण मॅडम, अॅल्युमिनियमने कॅन्सर होतो ना?" फॅमिली ग्रुपवर हे फिरतं हे मला माहीत आहे, मलाही माझ्या जाऊबाईंनी पाठवलंय. स्तनाच्या कॅन्सरशी याचा संबंध असल्याचा पक्का पुरावा मिळालेला नाही. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

यावरून तुरटी. हो, तीच, न्हाव्याच्या दुकानात दाढी झाल्यावर गालावर फिरवतात ती. तुरटी म्हणजे अॅल्युमिनियम आणि पोटॅशियमचं सल्फेट, ती बॅक्टेरियाची वाढ रोखते. आंघोळ झाली की खडा ओला करून काखेत दोनदा फिरवायचा, सुकू द्यायचं, झालं. किराणा दुकानात चिल्लरमध्ये मिळते. मॉलमध्ये हीच तुरटी घासून गुळगुळीत करून "क्रिस्टल डिओडरंट" म्हणून मिळते आणि वर "केमिकल-फ्री" असंही लिहिलेलं असतं, मला तर हसावं की रडावं कळत नाही. तुरटीने घाम थांबत नाही फारसा, वास कमी होतो, ज्यांना घाम बेताचा येतो त्यांना पुरते. भेगा पडलेल्या कातडीवर लावू नका.

लिंबू लावू नका. यूट्यूबवर हजार व्हिडिओ आहेत. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि त्यावर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड आणि महिनोन् महिने न जाणारे काळे डाग पडू शकतात, काख झाकलेली असते म्हणा पण हातावरून तो ओघळतोच, शिवाय नाजूक कातडीवर आम्ल चोळणं हा काही उपाय आहे का. खायच्या सोड्याने काही जणांची काख लाल होऊन सोलवटते. टाल्कम पावडर घाम टिपते थोडा वेळ, नंतर तिचा लगदा होतो, आणि लगद्यावर विरजण छान लागतं.

स्प्रेबद्दल एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्या कॅनमध्ये ब्युटेन-प्रोपेनसारखा गॅस असतो, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या जातीचा. देवघरातल्या निरांजनाजवळ, गॅसजवळ मारू नये. आणि काही पोरं तो मुद्दाम हुंगतात, चॅलेंज म्हणून, नशा म्हणून. पहिल्याच वेळेला हृदय बंद पडून मूल जाऊ शकतं, असं झालेलं आहे. पोराच्या खोलीत आठवड्याला एक कॅन संपत असेल तर तो फार स्वच्छ झालाय असं समजून खूश होऊ नका.

आता कपडे. मघाशी म्हटलं ना निम्मी पोरं इथे मार खातात. आमच्या वर्गात एक मुलगा होता, रोज आंघोळ, नखं कापलेली, केसाला तेल, आणि तरी पहिल्या तासालाच वास. पोरांनी नाव ठेवलं होतं, ते इथे लिहीत नाही. त्याच्या आईशी बोलले तेव्हा कळलं की शर्ट दोनच, एक धुतलेला वाळायच्या आत दुसरा मळलेला, एका खोलीचं घर, दोरी आतच, आणि जुलै महिना. त्याच्या अंगाला काहीच नव्हतं, वास शर्टाचा होता. पावसाळ्यात कपड्यांना जो कुबट वास येतो त्यालाही एक बॅक्टेरिया कारण आहे, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस, जपानमध्ये २०१२ मध्ये हे शोधलं. तो धुऊनही कपड्यात उरतो, वाळवून मरत नाही, आणि कपडा बराच वेळ ओलसर राहिला की वाढतो. म्हणून वाळलेला शर्ट सकाळी घालताना वास नसतो आणि शाळेत पोचेपर्यंत अंगाच्या उबेने आणि घामाने ओला झाला की पुन्हा उठतो. यावर डिओचा बाप आणला तरी उपयोग नाही. कपडा पटकन वाळला पाहिजे, नीट पिळून, पंख्याखाली, दोन कपड्यांत अंतर ठेवून, आणि घालण्याआधी इस्त्री. कापडाला चालत असेल तर कडक पाण्यात भिजवणं सगळ्यात चांगलं.

दुसरं म्हणजे कापड. युनिफॉर्म टेरीकॉटचा, स्पोर्ट्स डेचा टीशर्ट तर शंभर टक्के पॉलिएस्टर. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २०१४ मध्ये लोकांना तासभर सायकलिंग करायला लावून त्यांचे टीशर्ट ठेवून दिले आणि दुसऱ्या दिवशी हुंगायला दिले (असली नोकरी असते बघा), तर पॉलिएस्टरचे सुतीपेक्षा जास्त घाण वासाचे निघाले, त्यावर मायक्रोकोकस नावाचे वास करणारे बॅक्टेरिया जास्त वाढले होते. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही पण अंगाचं तेल धरून ठेवतं. शाळेने ठरवलेला युनिफॉर्म आपण बदलू शकत नाही, पण आत सुती बनियन घालू शकतो, मुलींनीपण सुती स्लिप, घाम त्यात मुरतो आणि ते रोज बदलता येतं. मुलगे आठवीत बनियन घालणं बंद करतात, म्हणे बावळट दिसतं. असो.

धुताना कपडा उलटा करून धुवा, काखेची बाजू वर येते. तिथे आधी साबणाची वडी चोळून दहा मिनिटं ठेवा. जुना मुरलेला वास असेल तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा मग नेहमीसारखं धुवा, फक्त व्हिनेगर आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि ग्राउंडवरून आल्यावर घामट टीशर्ट दप्तरात बोळा करून ठेवणं बंद. रविवारी दप्तर रिकामं केलं की आत काय काय सापडतं यावर वेगळा लेख होईल.

बूट-मोजे थोडक्यात. तळपायाला घाम भरपूर, बूट बंद, मोजे नायलॉनचे, दिवसाचे आठ तास. तिथे होणारा वास वेगळा, आंबूस चीजसारखा, त्यातलं एक मुख्य आम्ल आणि काही बॅक्टेरियाचं घराणं खरंच चीजमधलंच आहे. मोजे रोज धुतलेले, शक्यतो सुती. बूट घरी आल्यावर कपाटात कोंबू नका, लेस सैल करा, जीभ वर काढा, हवेत ठेवा. परवडत असेल तर दोन जोड आलटून पालटून, म्हणजे एकाला वाळायला दिवस मिळतो. टाचेची जाड कातडी वजरीने घासायची. तळव्याला बारीक बारीक खड्डे पडलेले दिसले, चाळणीसारखे, तर तो बॅक्टेरियाचा संसर्ग असतो, डॉक्टरने दिलेल्या मलमाने जातो.

मुलींनी पाळीच्या दिवसांत पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, रक्ताला हवा लागून आणि बॅक्टेरियामुळे वास येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अंग बाहेरून साध्या पाण्याने धुवायचं, योनीच्या आत साबण, वॉश, सेंट काहीही घालायचं नाही, आतली सफाई शरीर स्वतः करतं आणि हे असलं घातलं तर उलट बिघडतं. नेहमीपेक्षा वेगळा, माशासारखा वास येत असेल, खाज असेल तर आईला सांगा आणि डॉक्टरकडे. मुलग्यांनी, वयात आल्यावर शिश्नाच्या टोकावरची कातडी सहज मागे जात असेल तर ती मागे घेऊन पाण्याने धुवायची आणि परत पुढे आणायची, जोर करून नाही. हे बाबांनी सांगायचं असतं. बाबा सांगत नाहीत.

जांघेत गोल गोल लाल चट्टे आणि खाज म्हणजे गजकर्ण. यात मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब आणू नका, त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. आणि एकमेकांचा टॉवेल, चड्डी वापरणं बंद.

खाण्याने फरक पडतो, पण लोक सांगतात तेवढा नाही. लसणातलं गंधक रक्तातून फुफ्फुसात आणि घामात उतरतं, दात कितीही घासा. मेथीचा वास तर अंगाला, लघवीला स्पष्ट येतो, बाळंतिणीला मेथीचे लाडू दिल्यावर घरभर कळतो तोच. पण काखेतला रोजचा वास मटण-मासे खाऊन येतो हे काही खरं नाही. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण कोणाच्या अंगाला वास येतो आणि ते कुठल्या वस्तीतले, काय खाणारे, असल्या कॉमेंट्स मोठ्या माणसांच्या तोंडून, शिकल्यासवरल्यांच्या, मी ऐकल्यात. ग्रंथींना आडनाव कळत नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं? मुलगी आठ वर्षांच्या आत किंवा मुलगा नऊच्या आत असताना काखेला मोठ्यांसारखा वास यायला लागला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, खासकरून केसही आले असतील तर. बऱ्याचदा काळजीचं काही नसतं, पण हार्मोन तपासावे लागतात. घाम इतका की पेपर लिहिताना कागद ओला होऊन शाई फुटते, हात रुमालात गुंडाळून लिहावं लागतं, तर तो आजार आहे, त्याला उपचार आहेत, त्वचारोगतज्ज्ञ काखेसाठी, हातासाठी वेगवेगळे देतात. काखेत पुन्हा पुन्हा गळवं होऊन फुटत असतील तर "गरमीने झालं" म्हणून सोडून देऊ नका. श्वासाला फळासारखा गोडसर वास, सोबत सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरणं, हे डायबेटिसचं असू शकतं, त्याच दिवशी दवाखान्यात. रात्री अंथरूण भिजेल असा घाम आणि सोबत ताप, खोकला, वजन कमी होत असेल तर टीबीची तपासणी. सगळं नीट करूनही काखेचा वास हटत नसेल तर त्वचेचे डॉक्टर पिंपल्ससाठी वापरतात तो बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश काखेला एखाद मिनिट लावून धुवायला सांगतात, बॅक्टेरिया कमी होतात, फक्त टॉवेलचा रंग उडतो, पांढरा घ्या.

राहिलं ते सांगायचं कसं. एक लक्षात घ्या, ज्याला वास येतो त्याला तो खरंच कळत नाही. नाक रोजच्या वासाला सरावतं आणि मेंदू तो गाळून टाकतो, तुम्हालाही तुमच्या घराचा वास कळत नाही, पाहुण्याला कळतो. त्यामुळे "तुला कळत नाही का?" या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" हेच आहे, पोरगं खोटं बोलत नसतं. सगळ्यांसमोर, बहिणीसमोर, जेवताना नाक दाबून सांगितलं तर तो डिओचा अख्खा कॅन ओतेल किंवा मैदानावर जाणं बंद करेल, मी दोन्ही पाहिलंय. एकट्यात, गाडीवर मागे बसलेला असताना बरं पडतं, चेहरा दिसत नाही, "अरे आता तुझं वय झालं, घाम बदलतो, मलापण तुझ्या वयात झालं होतं, हे घे" एवढंच, आणि हातात वस्तू द्यायची. मी त्या शर्टवाल्या मुलाला काही म्हटलं नाही, स्टोअरमधून मागच्या बॅचने ठेवून गेलेले दोन शर्ट त्याच्या मापाचे काढले आणि सुट्टीनंतर घेऊन जा म्हटलं. वर्गात मात्र विरजणाचं उदाहरण सगळ्यांना मिळून सांगितलं, कोणाकडे न बघता, दहावीपर्यंत ते कोणी विसरत नाही.

आणि हो, रोल-ऑन दोघा भावांत एकच आणू नका.